रविवारची तयारी, रोजची फोडणी: आठवड्याच्या स्वयंपाकाची बेगमी

दोन वर्षांपूर्वी माझ्या बायकोला सकाळची पाळी लागली. ती नर्स आहे, पावणेसातला घराबाहेर पडते. मुलगी सातवीत, मुलगा तिसरीत, म्हणजे साडेसहाच्या आत चार डबे भरून तयार हवेत. तेव्हापासून कोल्हापुरातल्या आमच्या घरी सकाळचा स्वयंपाक माझ्याकडे आहे. त्याआधी मला चहा आणि पोहे एवढंच येत होतं, त्यामुळे हा लेख मी अगदी नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी लिहितोय.

पहिल्या रविवारी मी मोठी चूक केली. पाच दिवसांच्या पाच भाज्या शिजवल्या, डब्यांत भरल्या आणि फ्रिजमध्ये रचल्या. मंगळवारी दुधीला पाणी सुटलं. बुधवारी उसळीच्या रश्श्याला आंबूस वास आला. गुरुवारी मुलीने डबा जसाच्या तसा परत आणला. त्या आठवड्यात आई गावाहून आली होती. फ्रिज उघडून बघितला आणि म्हणाली, "अरे, आपण चटणी वर्षाची करतो. कालवण वर्षाचं करतो का?" आमच्याकडे चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला. उन्हाळ्यात मिरच्या वाळवून, कुटून वर्षभराचा भरून ठेवतात. कालवण मात्र रोजचं रोज.

त्या एका वाक्यावर माझी सगळी पद्धत उभी आहे. बेगमी करायची ती तयारीची. निवडणं, सोलणं, भिजवणं, भाजणं, वाटणं ही वेळ खाणारी कामं रविवारी उरकायची. फोडणी देणं, पोळी लाटणं, भात लावणं सकाळीच करायचं. असं केलं की सकाळी दोन शेगड्यांवर पाऊण तासात भाजी, पोळ्या आणि वरण-भात होतो, आणि डब्यातलं अन्न ताजं असतं.

आधी कागद

शुक्रवारी रात्री जेवणं झाली की एक कागद घ्या आणि सोमवार ते शनिवारच्या भाज्या लिहून काढा. दोन गोष्टी समोर ठेवा. एक म्हणजे भिंतीवरचं कालनिर्णय: संकष्टी, एकादशी, कुणाचा उपास, कुणाकडे जेवायला जायचंय. दुसरी म्हणजे फ्रिजमध्ये आत्ता काय उरलंय ते.

क्रम लावताना नाजूक भाज्या आधी आणि टिकाऊ भाज्या नंतर. आमचा साधारण आठवडा असा असतो: सोमवारी मेथी किंवा पालक, मंगळवारी मटकीची उसळ, बुधवारी कोबी किंवा फरसबी, गुरुवारी भरली वांगी, शुक्रवारी छोले, शनिवारी पिठलं नाहीतर थालीपीठ. रविवारी चिकन किंवा मासे, तेही त्याच दिवशी आणून. पालेभाजी गुरुवारवर टाकलीत तर ती गुरुवारपर्यंत राहणार नाही, एवढं एक लक्षात ठेवलं तरी निम्मं वाया जाणं थांबतं.

पहिल्याच आठवड्यात सहाही दिवस बसवायचा हट्ट करू नका. सुरुवातीला तीनच गोष्टी करा: दाण्याचं कूट, एक वाटण आणि एक मोड आलेलं कडधान्य. या तिघांनी सकाळ किती हलकी होते ते अनुभवलं की पुढचं आपोआप सुचतं.

शनिवार: बाजार आणि भिजवण

भाजी शनिवारी संध्याकाळी आणा आणि आल्या आल्या मटकी भिजत घाला. चौघांच्या उसळीला एक वाटी कोरडी मटकी पुरते. मोड आले की तीच अडीच-तीन वाट्या होते. भरपूर पाण्यात आठ-दहा तास भिजवा. रविवारी सकाळी उपसून, धुऊन, ओल्या सुती फडक्यात सैल बांधा आणि गाठोडं चाळणीत ठेवा. उन्हाळ्यात दहा-बारा तासांत मोड येतात, थंडीत पूर्ण दिवस लागतो. फडकं सुकत आलं तर पाण्याचा हबका मारा. मोड अर्ध्या पेराएवढे झाले की डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा, तीन दिवस चांगली राहते. चिकट लागली किंवा वास आला तर टाकून द्या. मोडांना लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही मानवते, म्हणून डब्यात देताना कच्ची मटकी देऊ नका, शिजवूनच द्या.

छोले हवे असतील तर तेही शनिवारी रात्रीच भिजवा. राजम्याच्या बाबतीत मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: अर्धवट शिजलेला राजमा पोट बिघडवतो. त्यात एक विषारी द्रव्य असतं, ते जोरात उकळल्यावरच जातं. म्हणून राजमा रात्रभर भिजवायचा, ते पाणी फेकायचं आणि कुकरमध्ये बोटाने सहज चिरडेल इतका शिजवायचा.

डोसे आवडत असतील तर तीन वाट्या उकडा तांदूळ, एक वाटी उडीद डाळ आणि अर्धा चमचा मेथ्या शनिवारी दुपारी भिजवून रात्री वाटा. रविवारी सकाळी पीठ फुगलं की इडल्या करा आणि उरलेलं लगेच फ्रिजमध्ये टाका. मंगळवार-बुधवारपर्यंत डोसे होतात. त्यानंतर पीठ आंबटतं, तेव्हा कांदा-मिरची घालून उत्तप्पे किंवा आप्पे करावेत.

रविवार, दहा ते साडेबारा

कामाचा क्रम महत्त्वाचा आहे, कारण शेगड्या दोनच असतात. आधी एका शेगडीवर तूरडाळीचा कुकर लावा, दुसऱ्या शेगडीवर मंद आचेवर शेंगदाणे ठेवा. दाणे भाजून उतरले की त्याच कढईत वाटणाचं खोबरं आणि कांदा. डाळीचा कुकर उतरला की छोल्यांचा; शिजलेले छोले गार करून शुक्रवारपर्यंत गोठवून ठेवायचे. हे सगळं चालू असताना हात मोकळे असतात, तेवढ्यात भाज्या निवडायच्या.

आमच्याकडे मेथी निवडायला मुलं बसतात. जमिनीवर चादर पसरायची, मधोमध जुडी सोडायची, एकाने पानं खुडायची, दुसऱ्याने पिवळी बाजूला काढायची. मुलगा सुरुवातीला कंटाळायचा. आता मेथीची भाजी पानात आली की विचारतो, ही मी निवडलेलीच ना? आणि खातो.

दाण्याचं कूट: दोन वाट्या शेंगदाणे मंद आचेवर भाजा. सालं तडकायला लागली आणि एक दाणा चोळल्यावर सुटा झाला की उतरवा. पूर्ण गार होऊ द्या, चोळून पाखडा आणि मिक्सर थांबत थांबत फिरवा. सलग फिरवलं की तेल सुटतं आणि कुटाचा गोळा होतो. फ्रिजमध्ये पंधरा दिवस सहज टिकतं. भरली वांगी, कोशिंबीर, खिचडी, सगळीकडे लागतं.

वाटण: याच्यावर थोडं थांबून लिहितो, कारण आठवड्याची चव यावर अवलंबून आहे. पाच मध्यम कांदे, एक वाटी किसलेलं सुकं खोबरं, पंधरा-वीस लसूण पाकळ्या, दोन इंच आलं, दोन चमचे तीळ, मूठभर कोथिंबीर. आधी कोरड्या कढईत तीळ, मग खोबरं. खोबरं भाजताना तिथून हलू नका. बराच वेळ काहीच होत नाही असं वाटतं आणि मग अर्ध्या मिनिटात ते बदामीवरून काळ्यावर जातं. बदामी रंग दिसला की लगेच ताटात काढा, कारण आच बंद केली तरी तापलेली कढई ते भाजतच राहते. जळलेलं खोबरं थोडं जरी वाटणात गेलं तरी सगळं कालवण कडवट होतं, आणि त्यावर इलाज नाही.

मग तीन चमचे तेलात पातळ उभा चिरलेला कांदा. मध्यम आचेवर बारा-पंधरा मिनिटं लागतात. पहिल्यांदा कांदा पाणी सोडतो, मग आक्रसतो, मग कडांना तपकिरी होतो. गुलाबी झाला की झालं असं समजू नका. पूर्ण तपकिरी होऊन कढईत सरसर हलायला लागला पाहिजे, म्हणजे त्यातलं पाणी गेलं. पाणी राहिलेलं वाटण दोन दिवसांत आंबतं. आलं-लसूण शेवटच्या दोन मिनिटांत घाला. सगळं ताटात पसरून पूर्ण गार करा. गरम वाटलं तर वाफेने मिक्सरचं झाकण उडतं. कोथिंबीरही चांगली कोरडी करूनच घाला, आणि वाटताना पाणी अगदी नावापुरतं. अडलंच तर चमचाभर तेल.

यातून चार-पाच भाज्यांचं वाटण होतं. बुधवारपर्यंतचं डब्यात भरून फ्रिजमध्ये. बाकीचं बर्फाच्या ट्रेमध्ये भरून गोठवा, घट्ट झाल्यावर वड्या पिशवीत काढून ठेवा. चौघांच्या रश्श्याला तीन वड्या लागतात. वड्या महिनाभर चांगल्या राहतात. ओल्या नारळाचं वाटण करायचं असेल तर मात्र जास्त दिवसांचं करू नका, ते लवकर खराब होतं. नारळ खोवून तसाच गोठवून ठेवणं जास्त बरं.

मसाला यात मुद्दाम घातलेला नाही. वाटण साधं ठेवलं की मंगळवारी त्यात कांदा-लसूण मसाला घालून झणझणीत मटकी करता येते, गुरुवारी तेच वाटण कूट, गोडा मसाला आणि गूळ घालून वांग्यांत भरता येतं. श्रावणात किंवा चातुर्मासात कांदा-लसूण चालत नसेल तर खोबरं, तीळ, जिरं आणि धने भाजून कोरडं वाटण करा, तेही छान लागतं.

आलं-लसूण पेस्ट वाटीभर करा, त्यात चमचाभर मीठ आणि थोडं तेल. ही कायम फ्रिजमध्येच ठेवायची, ओट्यावर नाही. तेलाखाली हवा पोचत नाही, आणि अशा जागी उबेत लसणात जीवघेणे जंतू वाढू शकतात, तेही वास न बदलता. आठवडाभरात संपवा, जास्त झाली तर गोठवा.

डाळ: चौघांना दिवसाला अर्धी वाटी तूरडाळ धरली तर तीन दिवसांना दीड वाटी. हळद-हिंग घालून दाटच शिजवा. मीठ, चिंच, गूळ काही घालू नका. सकाळी हवी तेवढी काढायची, गरम पाणी घालून उकळायची. एक दिवस साधं वरण, एक दिवस चिंच-गुळाची आमटी, एक दिवस लसणीची फोडणी. बुधवारी रात्री पुढच्या तीन दिवसांची पुन्हा शिजवायची.

काय चिरावं, काय चिरू नये

कोबी, गाजर, फरसबी, गवार, फ्लॉवर चिरून, मोडून, सोलून ठेवता येतात. तीन-चार दिवस राहतात. भेंडी धुऊन पूर्ण कोरडी पुसा आणि आदल्या रात्रीच चिरा. ओली भेंडी चिरली तर चिकटपणा कधीच जात नाही. दुधीही आदल्या रात्री. वांगं आणि बटाटा हवा लागली की काळे पडतात, ते सकाळीच चिरायचे. कांदाही शक्यतो सकाळीच, कारण चिरलेल्या कांद्याचा वास फ्रिजमधल्या दुधापर्यंत जातो.

पालेभाजी निवडा पण धुऊ नका. पानांवर पाणी राहिलं की ती सडतात. कोरड्या सुती फडक्यात सैल गुंडाळून डब्यात ठेवा आणि करायच्या वेळी तीन पाण्यांनी धुवा. आपल्याकडे वर्तमानपत्रात गुंडाळायची सवय आहे. त्याची शाई अन्नाला लागू नये, म्हणून फडकंच वापरा. कोथिंबिरीची मुळं काढून तशीच फडक्यात ठेवली तर आठ दिवस हिरवीगार राहते. मिरच्यांचे देठ काढले की त्याही टिकतात, कारण कुजायची सुरुवात देठापासून होते.

थंडीत मटार स्वस्त झाले की चार-पाच किलो एकदम आणा. सोलून उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, लगेच गार पाण्यात, फडक्यावर कोरडे करून पिशव्यांत भरून गोठवा. उन्हाळ्यात पुलाव करताना बरं वाटतं.

पोळी, भाकरी, भात

आठवड्याच्या पोळ्या करून गोठवणारे लोक आहेत. मला ते पटत नाही, आणि आमच्या घरात खपतही नाही. कणीक रात्री मळा, वरून तेलाचा हात फिरवा, झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी उठल्या उठल्या डबा बाहेर काढला तर भाजी फोडणीला पडेपर्यंत ती मऊ होते. एका रात्रीची कणीक ठीक. दोन दिवसांची काळसर पडते आणि पोळ्या चिवट होतात.

भाकरीची बेगमी पिठापुरतीच, आणि तीही जपून. बाजरीचं पीठ थोड्याच दिवसांत कडू होतं, कारण बाजरीत तेलाचा अंश जास्त. ते गिरणीतून आठवड्यापुरतंच आणा. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी थापताना कडा फाटतात. असं झालं तर उकळत्या पाण्यात पिठाची उकड काढून मळा, म्हणजे भाकरी जमते.

भात रोजचा रोज लावा, अर्ध्या तासाचं काम आहे. याला कारण आहे. तांदळात एक जिवाणू असतो, त्याचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात तासन् तास ओट्यावर राहिला तर ते वाढतात आणि त्यांनी तयार केलेलं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. म्हणून उरलेला भात तासाभरात ताटात पसरून गार करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोडणीचा भात करून संपवा. त्यापुढे ठेवायचा नाही.

फ्रिज कसा भरावा

आतलं तापमान ४ अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा खाली हवं. शिजवलेलं काहीही दोन तासांच्या आत आत गेलं पाहिजे. उन्हाळ्यात स्वयंपाकघर तापलेलं असतं, तेव्हा एका तासात. पातेलंभर गरम डाळ तशीच आत ठेवली तर तिचा मधला भाग रात्रीपर्यंत कोमट राहतो आणि शेजारच्या गोष्टीही गरम होतात. पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवून ढवळा, मग उथळ डब्यांत वाटून भरा.

वरच्या कप्प्यात शिजवलेलं, मध्ये चिरलेलं आणि वाटणं. कच्चं चिकन किंवा मासे असतील तर सगळ्यात खाली, बंद डब्यात, म्हणजे त्यांचं पाणी कशावर ठिबकणार नाही. प्रत्येक डब्यावर कागदी चिकटपट्टी लावून पदार्थ आणि वार लिहा. 'डाळ, रवि' एवढं पुरतं. सकाळी सहाला झोपेत पाच सारखे स्टीलचे डबे उघडून बघण्यात जो वेळ जातो तो या दोन शब्दांनी वाचतो.

डब्यातून घेताना चमचा कोरडा आणि स्वच्छ. मी हे घरात सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगतो. उष्टा किंवा ओला चमचा एकदा वाटणात गेला की त्याचे दिवस निम्मे झाले. हवं तेवढंच काढून उकळी येईपर्यंत गरम करा. एकदा गरम केलेलं परत डब्यात घालू नका.

वीज गेली तर फ्रिज उघडू नका. दार बंद असेल तर चार तासांपर्यंत आतली थंडी टिकते. त्याहून जास्त वेळ गेली असेल तर शिजवलेली डाळ, मोड आलेली मटकी, चिकन यांचा मोह सोडा. कूट, सुक्या चटण्या, चिंचेचा दाट उकळलेला कोळ यांना काही होत नाही.

मंगळवारची सकाळ

हे सगळं प्रत्यक्ष कसं उतरतं ते सांगतो. पावणेसहाला उठलो की पहिल्यांदा कणकेचा डबा बाहेर. एका शेगडीवर कुकरमध्ये भात. दुसऱ्या शेगडीवर कढईत दोन चमचे तेल, मोहरी, हिंग, कढीपत्ता, त्यावर दोन मोठे चमचे वाटण. तेल सुटलं की दीड चमचा कांदा-लसूण मसाला, हळद, मग मोड आलेली मटकी. दोन मिनिटं परतून गरम पाणी आणि मीठ. मटकी पंधरा मिनिटांत शिजते; जास्त शिजवली तर मोड तुटून गाळ होतो. उसळ रटरटत असताना पोळ्या लाटून घेतो. भाताचा कुकर उतरला की त्या शेगडीवर तवा. उसळ झाली की कढई खाली आणि तिथे रविवारची डाळ उकळायला. साडेसहाला बायकोचा डबा भरलेला असतो, वरून बारीक चिरलेला कांदा आणि लिंबाची फोड वेगळ्या डबीत.

काही सकाळी हेही जमत नाही. मूल रात्रभर तापाने जागं असतं, किंवा पाणी आलेलं नसतं. अशा दिवसांसाठी तीन डबे कायम भरलेले ठेवा: थालीपिठाची भाजणी, फोडणी घालून भाजून ठेवलेला उपम्याचा रवा आणि लसूण-खोबऱ्याची नाहीतर जवसाची सुकी चटणी. भाजणीत कांदा, तिखट, मीठ आणि पाणी घालून थालीपीठ दहा मिनिटांत तव्यावर पडतं. रव्याला फक्त उकळतं पाणी आणि मीठ लागतं.

शनिवारी दुपारी फ्रिज जवळजवळ रिकामा दिसला पाहिजे. काय उरलं ते शुक्रवारच्या कागदाच्या मागे लिहून ठेवा. सलग दोन आठवडे कोबी उरला तर कोबी कमी आणा. वाटण बुधवारीच संपलं तर पुढच्या वेळी सात कांदे घ्या. आमच्या घराचं माप असंच चार-पाच आठवड्यांत बसलं. उरलेली गाजरं, फरसबी, मटार आणि वाटणाच्या दोन-चार वड्या एकत्र करून शनिवारी रात्री मसालेभात लावा, आणि तो शिजेपर्यंत पुढच्या आठवड्याची मटकी भिजत घाला.